‘अप्रतिम’ ६१ वेळा: जुन्या जागेची नवी मांडणी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

काल फोनवर माझ्याच सिनेमांच्या ब्लॉगचं पान उघडलं आणि लाज वाटली. आधी वरची पट्टी, मग माझा चौदा वर्षांपूर्वीचा फोटो, मग ‘विषयांचा ढग’, मग महिन्यांचं कॅलेंडर, मग ‘सर्वाधिक वाचलेलं’. हे सगळं अंगठ्याने वर ढकलत गेल्यावर कुठेतरी खाली, परवा पाहिलेल्या सिनेमाबद्दलच्या चार ओळी. खरं तर त्या चार ओळींसाठी ही जागा. बाकीचं सामान कोणी आणून ठेवलं? मीच, २०११ पासून, एकेक करत.

तर पुन्हा बांधायचं. डेटाबेस नको, प्रत्येक नोंद म्हणजे मजकुराची एक साधी फाइल, आणि त्या फाइलींची पानं हुगो नावाचं सॉफ्टवेअर बनवेल. एकूण २१२ नोंदी आहेत. मुदत पाच आठवडे. एकच अट घातली आहे: काम चालू आहे म्हणून सिनेमे थांबणार नाहीत, आणि जे पाहीन त्याबद्दल इथेच, या कामाच्या वहीत लिहायचं. मागच्या डागडुजीत तीन महिने रंग निवडण्यात गेले आणि त्या तीन महिन्यांत एक नोंद झाली नाही. तेव्हा मला ते काम वाटलं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

जुना मजकूर बाहेर काढला. २०१३ नंतरचा सुखरूप आला. आधीच्या चाळीस नोंदी मात्र अगम्य खुणांच्या रांगा होऊन बाहेर पडल्या.

दुपारभर त्या खुणांकडे बघत बसले, तर त्यांच्यातही शिस्त दिसायला लागली. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. तो मजकूर रोमन अक्षरांचा समजून वाचला की एका चिन्हाच्या जागी तीन खुणा उमटतात: पहिली नेहमी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, दुसरी एक तर चलनाची गोल खूण किंवा येनची खूण, आणि तिसरी काहीही. गंमत म्हणजे येन कुठे येतो ते ठरलेलं आहे. व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी चलनाच्या खुणेत. दुसरी वेलांटी, उकार, मात्रे आणि पाय मोडायची खूण येनमध्ये. तासाभरात ‘सिनेमा’ हा शब्द मला त्या कचऱ्यातूनही ओळखू यायला लागला.

उलटा प्रवास करवला, म्हणजे त्या खुणांचे पुन्हा बाइट केले आणि ते देवनागरी म्हणून वाचले. ३७ नोंदी परत आल्या. तीन अर्ध्या आल्या. त्या विंडोजच्या १२५२ क्रमांकाच्या अक्षरतक्त्यातून गेल्या होत्या, आणि त्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत. आपल्या दुर्दैवाने पाय मोडायची खूण आणि ऱ्हस्व उकार नेमके रिकाम्या घरांवर पडतात. तिथला बाइट गळाला आणि मागे प्रश्नचिन्ह उरलं. त्यामुळे त्या तीन नोंदींत ‘मस?त’, ‘स?ंदर’, ‘अप?रतिम’.

हाताने दुरुस्त करता येतील. आज नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

अक्षरं. हा दिवस मी मुद्दाम राखून ठेवला होता.

पहिला शोध फार लाजिरवाणा. माझ्या पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान रचणाऱ्या कोडमध्ये, भाषा ‘इंग्रजी’ लिहिलेली होती. चौदा वर्षं! आयता साचा घेतला, त्यातली ती ओळ कधी वाचलीच नाही. काही देवनागरी फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच मराठी वळण मिळतं. शिवाय पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर याच ओळीवरून आवाज निवडतं. म्हणजे ज्यांनी कानांनी वाचायचा प्रयत्न केला असेल त्यांच्यापुढे इंग्रजी आवाजाने काय म्हटलं असेल, देव जाणे. ओळ बदलली आणि पडद्यावरचे सगळे ‘ल’ एका क्षणात घरचे झाले.

मजकुरासाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ घेतला. हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्या काढणारे लोक अक्षरांकडे नीट बघतात असं मानायला हरकत नाही. त्यात ठळक वजन मात्र नाही. ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवून ठळकपणा आणतो आणि ते सुजल्यासारखं दिसतं. म्हणून शीर्षकांना ‘मुक्ता’, ज्यात सात वजनं आहेत. त्यातली मी दोनच घेतली. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड होते, उगीच सातही वजनं वाचणाऱ्याच्या फोनवर कशाला लादायची?

साच्यात शीर्षकाच्या अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर दिलेलं होतं. रोमनमध्ये ते ऐटदार दिसतं. आपल्याकडे शिरोरेषेला फटी पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा हसतो. काढलं. ओळींमधलं अंतर वाढवून अक्षराच्या १.७ पट केलं, कारण वर रफार आणि मात्रा, खाली उकार, दोघांनाही जागा हवी. ओळीची रुंदी ‘सीएच’ या मापात दिली होती, पण ते माप म्हणजे फॉन्टमधल्या इंग्रजी शून्याची रुंदी. आपल्या अक्षरांचा त्या शून्याशी काय संबंध? डोळ्यांनी बघून ‘एम’मध्ये, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पटीत, बसवली. सिनेमांची नावं तिरकी करणंही बंद. एकेरी अवतरणं पुरेत.

आणि एक चूक माझी स्वतःची. जुन्या नोंदींत तीन ठिकाणी ‘डोंगर आणि दर्या’ असं आहे. दर्या म्हणजे समुद्र. मला दऱ्या म्हणायचं होतं. तेव्हाच्या कीबोर्डवर तो ‘ऱ्य’ कसा काढायचा हे मला माहीत नव्हतं आणि मी तसंच पुढे गेले. वाचणाऱ्यांनी डोंगराशेजारी समुद्र खपवून घेतला, भले लोक.

९ फेब्रुवारी, रविवार

‘परफेक्ट डेज’ पाहिला. विम वेंडर्सचा, २०२३ चा. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा. कोजी याकुशोला या भूमिकेसाठी कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं, आणि संवाद किती कमी आहेत हे पाहता ते विशेषच.

सगळे झाडांमधून झिरपणाऱ्या उन्हाबद्दल बोलतात. मला त्याचे पत्र्याचे डबे आठवत राहिले. तो फिल्मच्या कॅमेऱ्याने झाडांचे फोटो काढतो, ते छापून आणतो, जमिनीवर बसून एकेक बघतो. बरा वाटला तर ठेवतो. नाही तर फाडतो. फाडताना चेहऱ्यावर काहीही नाही. राहिलेले फोटो डब्यात, डब्यावर महिना आणि साल, डबा कपाटात. कोणाला दाखवायचे नाहीत.

माझे २१२ डबे आहेत आणि आजवर एकही नोंद फाडलेली नाही.

दुसरं असं की सिनेमाची चौकट जवळजवळ चौरस आहे, रुंदी उंचीच्या १.३३ पट. त्याचं एक स्थिरचित्र नव्या साच्यात टाकून पाहिलं. माझा साचा प्रत्येक चित्राचे १६:९ करतो. हिरायामाचं डोकं कापलं गेलं, आणि ज्या झाडाकडे तो बघत होता ते संपूर्ण गेलं. राहिली ती हनुवटी.

१२ फेब्रुवारी

चित्रांची चौकट. सगळी चित्रं एकाच मापात कापली की यादी नीटनेटकी दिसते, हे खरं. पण सिनेमांबद्दलच्या जागेत चौकट कापणं म्हणजे कवितेच्या ओळी सोयीसाठी सारख्या लांबीच्या करणं. वेस अँडरसनच्या ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’मध्ये (२०१४) चौकटीवरूनच काळ कळतो: १९३० च्या दशकातला भाग १.३७, साठच्या दशकातला रुंद, अलीकडचा १.८५. माझ्या जुन्या साच्यात या तिन्हींचं एकच झालं होतं आणि वर मी त्याच नोंदीत लिहिलं होतं की ‘चौकटीचा वापर बघण्यासारखा’. कुठे बघायचा?

त्याच वर्षीचा झाविए दोलानचा ‘मॉमी’ तर पूर्ण चौरस, १:१. बराच वेळ आपण त्या अरुंद खिडकीतून बघतो, गुदमरतो, आणि मग तो मुलगा रस्त्यावरून चाकांच्या फळीवर जाताना दोन्ही हातांनी चौकट बाजूला सारतो. पडदा रुंद होतो. पुढे एक कागद घरी येतो आणि चौकट पुन्हा मिटत जाते. हे काल रात्री परत पाहिलं, तेवढाच तुकडा, तीनदा.

ठरलं: चित्र ज्या मापाचं, त्याच मापात. यादी दातेरी दिसेल, दिसू दे. प्रत्येक चित्राची रुंदी आणि उंची आधीच लिहून ठेवली, म्हणजे चित्र यायच्या आत ब्राउझर तेवढी जागा धरून ठेवतो आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पाचपैकी तारे. नव्या साच्यात ते कसे काढायचे, भरीव की पोकळ, अर्धा तारा असावा का, यात सकाळ गेली. मग म्हटलं, एकदा बघू तरी त्या ताऱ्यांखाली काय लिहिलंय.

सगळ्या फाइलींत ‘अप्रतिम’ शोधला. ६१. ‘मस्त’ ४४. ‘नक्की पाहा’ ७०. मग उलटं केलं: अशा नोंदी शोधल्या ज्यांत सिनेमातली एक तरी गोष्ट आहे, एखादं दार, एखादी खुर्ची, कोणी तरी बोललेलं एखादं वाक्य. हे यंत्राला सांगता येत नाही, वाचावंच लागतं. रात्रीपर्यंत सगळ्या वाचल्या. ५३.

म्हणजे चारातल्या तीन नोंदींत मी सिनेमा पाहिल्याचा पुरावा नाही. तारे आहेत. चार तारे, साडेचार तारे. एका सिनेमाला पाच तारे दिलेत आणि त्यात कोण होतं तेसुद्धा आता सांगता येत नाही. तारा दिला की काम झाल्यासारखं वाटायचं, हा त्यातला खरा घोळ. पावती फाडली, माल घेतलाच नाही.

तारे काढले. त्या जागी नवीन रकाना: ‘काय दिसलं’. नव्या नोंदीत तो रिकामा राहिला तर पान बनणारच नाही, हुगो चूक दाखवून थांबेल अशी अटच घातली आहे. स्वतःवर विश्वास नसला की असं करावं लागतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

अनुक्रमणिका. ‘ॲनी हॉल’ सगळ्यात खाली, ‘ह’च्याही नंतर. कारण ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरतक्त्यात, २००८ साली आलं आणि तोवर पुढची घरं भरलेली असल्याने त्याला मागे जागा मिळाली. संगणक घरांच्या क्रमांकाने रांग लावतो. त्याला मराठी वर्णमालेची रांग वापर असं वेगळं सांगावं लागतं. सांगितलं. ‘ळ’ही ‘ल’च्या मागून उठून ‘ह’नंतर जाऊन बसला.

पण तरी काही नावं सापडेनात. जुन्या नोंदींत मी ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र दिलेला आहे, नव्यांत एकसंध ‘ॲ’. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. सगळे एकसंध केले. शोधायला दोन तास, बदलायला चार सेकंद.

१९ फेब्रुवारी

तारखांचा करडा रंग फिका होता. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ ला १ इतका फरक हवा असं वेबच्या सुलभतेचे निकष सांगतात. माझा ३ च्या आत होता. गडद केला. एवढंच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शांताल आकरमानचा ‘जान दिएलमान’. १९७५ चा, २०१ मिनिटांचा. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या २०२२ च्या मतदानात पहिला आला तेव्हा मी तो ‘पाहायचा आहे’ या यादीत टाकला आणि यादीत आहे म्हणजे जणू पाहिलाच, अशा समाधानात दोन वर्षं काढली. आज फोन दुसऱ्या खोलीत ठेवून एका बैठकीत पाहिला.

कॅमेरा हलत नाही. एक विधवा, तिचा मुलगा, तीन दिवस. ती खोलीतून बाहेर पडताना दर वेळी दिवा बंद करते. दर वेळी. सुरुवातीला मी वैतागले, मग मोजायला लागले, मग माझ्या नकळत तिच्याबरोबर बटण दाबायची वाट बघायला लागले. दुसऱ्या दिवशी पैसे ठेवायच्या भांड्यावर ती झाकण ठेवायला विसरते. मला अक्षरशः ओरडावंसं वाटलं, ‘अगं, झाकण!’ मग बटाटे जास्त शिजतात आणि ते पातेलं घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत जाते. त्याचं काय करायचं हे तिला कळत नाही. कोणी मेलेलं नाही, काही फुटलेलं नाही, आणि तरी पोटात गोळा. देल्फीन सेरिगचा चेहरा तेव्हाही काही सांगत नाही. सांगतात ते हात.

दोन तासांनी मला एक झाकण महत्त्वाचं वाटायला लागलं, हे त्या दोन तासांशिवाय झालं नसतं. ‘संथ आहे पण नक्की पाहा’ असं २०१४ मधल्या मी लिहिलं असतं, साडेचार तारे देऊन.

‘काय दिसलं’ रकान्यात लिहिलं: झाकण.

२३ फेब्रुवारी, रविवार

पत्ते. जुन्या पानांचे यूआरएल देवनागरीत होते. दिसायला छान, पण कोणाला पाठवायला गेलं की प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरं. ‘मराठी’ या शब्दात पाच चिन्हं, त्याची ४५ अक्षरं होतात. ‘जान दिएलमान’च्या तर पूर्ण नावातच तिचा घरचा पत्ता आहे, घरक्रमांक आणि पिनकोडसकट. त्याचा दुवा परिच्छेदभर लांब झाला. आता साल आणि क्रमांक, बस्स.

पण जुने पत्ते मोडायचे नाहीत. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत. मी बदलते आहे, तर निदान जुन्या दारावर पाटी तरी हवी. २१२ जोड्यांची यादी केली, प्रत्येकीला ३०१, म्हणजे ‘कायमचं स्थलांतर’. त्यात एका ओळीत दोन्हीकडे जुनाच पत्ता लिहिला. पान स्वतःकडेच बोट दाखवत गोल फिरायला लागलं. ओळ सुधारली तरी माझ्याकडे फेरा चालूच. अर्धा तास सर्व्हरला शिव्या दिल्या. ब्राउझरने ‘कायमचं’ हा शब्द मनावर घेतला होता आणि चुकीचा पत्ता लक्षात ठेवला होता. पुढच्या वेळी आधी ३०२, ‘तात्पुरतं’, आणि खात्री झाली की ३०१.

१ मार्च, शनिवार

‘द डिसायपल’ पुन्हा. चैतन्य ताम्हाणेचा, २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालेला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा गाण्याबद्दलचा वाटला होता. या वेळी त्यातला गाणं शिकणारा शरद रात्रीच्या मोकळ्या रस्त्यांवरून संथपणे मोटरसायकल चालवताना त्याच्या कानात जो माईंचा, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंचा, आवाज असतो, तोच ऐकत राहिले. माई कधी दिसत नाहीत. आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. त्या आवाजात राग नाही, आर्जव नाही, म्हणून तो जास्त लागतो.

आणि मग शरद आपल्याच गाण्याच्या व्हिडिओखालचे शेरे वाचत बसतो. मी तिथे सिनेमा थांबवला. शेजारच्या खिडकीत माझ्या पानाचे आकडे उघडे होते: आज किती आले, कुठून आले, किती सेकंद थांबले. चौदा वर्षं मी रोज सकाळी ते बघते आहे आणि त्या आकड्यांवरून मी एकही वाक्य वेगळं लिहिलेलं नाही. मग बघते कशाला?

आकडे मोजणारी ओळ नव्या साच्यात घातली नाही. ‘सर्वाधिक वाचलेलं’ त्याबरोबर आपोआपच गेलं. उरलेला सिनेमा पाहिला.

८ मार्च, शनिवार

सकाळी अकराला नवीन जागा सुरू केली. अकरा वाजून दहा मिनिटांनी मैत्रिणीचा निरोप: ‘अगं, एका रात्रीत २१२ सिनेमे पाहिलेस का?’

आरएसएस, म्हणजे नव्या नोंदी वाचकांच्या ॲपपर्यंत पोचवणारी फीड. पत्ते बदलले तशा फीडमधल्या नोंदींच्या ओळखखुणाही बदलल्या, आणि वाचकांच्या ॲपला वाटलं सगळ्याच नव्या. जुन्या पत्त्यांच्या पाट्या केल्या, ओळखखुणा मात्र विसरले. घाईने फीडमध्ये जुन्या नोंदींना जुन्या खुणा परत दिल्या, पण ज्यांच्याकडे तो पूर यायचा होता तो आलाच. दोन अनोळखी लोकांनी लिहिलं की त्या निमित्ताने जुन्या नोंदी वाचल्या. एकाने विचारलं की त्या डोंगराशेजारी समुद्र कुठला होता. म्हणजे कोणी तरी ते पाहिलं होतं तर.

९ मार्च, रविवार

सिनेमातली एकही गोष्ट नसलेल्या १५९ नोंदींचं काय करायचं? फाडाव्यात असं शनिवारी रात्री ठरवलं होतं. सकाळी नाही जमलं. यादीतून काढल्या, पत्ते चालू ठेवले. ज्याच्याकडे दुवा आहे त्याला पान मिळेल.

तीन अर्धवट नोंदी राहिल्या होत्या. दोन हाताने नीट केल्या. गळालेले उकार आणि पाय मोडलेली अक्षरं अंदाजाने भरता येतात. तिसरी एका ओळीची आहे: ‘अप?रतिम. नक?की पाहा.’ चार तारे. सिनेमाचं नाव शीर्षकात शाबूत आहे, पण तो पाहिल्याचं मला अजिबात आठवत नाही. ती तशीच ठेवली आहे, आणि सिनेमा आज रात्रीसाठी काढून ठेवलाय.